न विकणारे तास

कंपनीच्या मुख्य कार्यालयात तिला सगळे टक्केबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. पण दुपारी ती पाणी प्यायला उठली की मागून कुणीतरी हळूच विचारी, “आज किती टक्के तहान?” आणि चार जण डोकी खाली घालून हसत. तिला ते ठाऊक होतं. ती मनावर घेत नसे. तिच्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या गृहस्थांना ‘डुलकी’ म्हणत. त्या मानानं टक्केबाई बरं.

कंपनीची तयार कपड्यांची अडतीस दुकानं होती. बाई मूळची त्यातल्याच एका दुकानातली. वीस वर्षांची असताना थोरल्या भावानं तिला तिथं आणून चिकटवलं. आई-वडील लवकर गेले होते, आणि तेरा वर्षांनी मोठा असलेला दादाच तिचा आई-बाप झाला होता. तो दुकानाच्या मागच्या गोदामात, ही पुढं काउंटरवर. शर्टांच्या घड्या घालता घालता तिला आकड्यांचा नाद लागला. कुठल्या रंगाचे किती गेले, कुठल्या मापाचे पडून राहिले, ते ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवी. एकदा वरून तपासणीला आलेल्या माणसाच्या हाती ती वही पडली, आणि वर्षभरात बाई मुख्य कार्यालयात जाऊन बसली. दादानं त्या दिवशी गोदामात सगळ्यांना चहा पाजला. “आमची बारकी आता आपल्याला मार्क देणार रे,” तो म्हणाला.

काम खरोखर मार्क देण्याचंच होतं. नुसता आकडा मुका असतो, असं बाई नव्यानं येणाऱ्यांना शिकवायची. एका दुकानानं महिन्यात चाळीस लाखांचा माल विकला, म्हणजे चांगलं केलं की वाईट? काही सांगता येत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा बसवला की तो बोलायला लागतो. जागा बसवा, चौरस फुटामागे किती विकलं ते कळतं. साठा बसवा, वर्षात माल किती वेळा फिरला ते कळतं. खरेदीची किंमत बसवा, शंभरातले किती हातात उरले ते कळतं. “पण दोन आकड्यांचं लग्न लावताना दोन्ही घरची चौकशी करायची,” ती म्हणे. “नाहीतर पुढची भांडणं आपल्या दारात येतात.”

अशी सतरा वर्षं गेली. तिनं लग्न केलं नाही. भाड्याच्या दोन खोल्या आणि रविवारी दादाकडं जेवण, एवढा तिचा संसार. ती सांगायची त्याहून वहिनी एक पोळी जास्त वाढायची आणि “टक्क्यात सांगू नकोस, पोटात सांग,” म्हणायची.

मग नवे साहेब आले. टेबलावर कागद नको आणि वाक्यात ‘पण’ नको, असा त्यांचा बाणा. माणूस वाईट नव्हता. कंपनीचीच तब्येत वाईट होती. दोन वर्षं विक्री जागची हलली नव्हती. शंभराच्या विक्रीत पूर्वी एकेचाळीस सुटायचे, ते छत्तीसवर आले होते. देणी वेळेवर भागवण्याइतकी रोकड हाताशी राहत नव्हती. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बाईला बोलावलं.

“बाई, तुमचे हे सतरा तक्ते छान आहेत. मला एकच द्या. कामाच्या एका तासामागं किती विक्री, दुकानवार. वरून खाली.”

“दुकानं एकसारखी नाहीत, साहेब. कुठं—”

“वरून खाली,” साहेब म्हणाले.

बाईनं तक्ता केला. अडतीस दुकानांची आठवड्याची विक्री वर, सगळ्या माणसांचे मिळून झालेले तास खाली. सरासरी तासाला साडेनऊशे आली. दादाचं दुकान शेवटून तिसरं निघालं. नऊ लाख साठ हजारांची विक्री, बाराशे तास. भागाकार आठशे.

तिला त्याचं कारण माहीत होतं. तरी ती खात्री करायला गेली. मंगळवारी सकाळी माल उतरायचा, म्हणून मंगळवारीच गेली. गोदाम म्हणजे लांबोडकी, बिनखिडकीची खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत लोखंडी फळ्या, मध्ये चाकांची शिडी. दादा वर चढलेला, आणि त्याचा जोडीदार खाली शिडी धरून. जोडीदाराला सगळे लंबू म्हणत. दुसऱ्या फळीपर्यंतचा माल तो शिडीशिवायच काढायचा.

“ये, मास्तरीणबाई,” दादा वरून ओरडला. “आज आमची तोंडी परीक्षा का?”

“खाली उतर आधी. पन्नाशी उलटली तुझी.”

“लंबू धरतोय ना! हा सुटला तर मी याच्याच डोक्यावर पडेन, त्यामुळं सोडत नाही.”

कोपऱ्यात बांधलेल्या पार्सलांची रास होती. बाईनं ती मोजली. फार मोठी आणि फार लहान मापं, जी कुठल्याच दुकानात रोज खपत नाहीत, ती सगळी याच गोदामात ठेवायची, हे कुणीतरी दहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आजूबाजूच्या अकरा दुकानांतून मागणी आली की दादा आणि लंबू ती शोधून, बांधून, गाडीवर चढवून पाठवत. घाम यांचा आणि विक्री त्या दुकानांच्या नावावर. माल इथं सावकाश फिरतो असं साठ्याच्या तक्त्यात दिसायचं, त्याचंही मूळ हेच. बाईनं तिथल्या तिथं गणित मांडलं. पार्सलांतून आठवड्याला एक लाख साठ हजारांचा माल बाहेर जात होता. तो या दुकानाच्या नावावर धरला तर तासाला आठशेचे नऊशे तीस होत. दुकान शेवटून तिसरं नव्हतंच. मधल्या रांगेत होतं.

कार्यालयात येऊन तिनं तक्त्याखाली दोन ओळींची तळटीप घातली आणि कागद साहेबांपुढं ठेवला.

“हे काय?” साहेबांनी तळटिपेवर बोट ठेवलं.

तिनं सांगितलं. साहेबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“एका दुकानाला अशी सवलत दिली तर उद्या अडतीस तळटिपा येतील.”

“बाकीच्यांचं तसं नाही, साहेब. हे एकच गोदाम—”

“त्या गोदामात तुमचे भाऊ आहेत ना?”

बाईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. “हो,” ती म्हणाली.

“माझं काही म्हणणं नाही. पण हा कागद संचालकांपुढं जाणार. तिथं कुणी विचारलं, तर तुमच्या सतरा वर्षांच्या नावाचं काय होईल, ते तुम्हीच बघा. मी सांगत नाही काढा म्हणून.”

ती जागेवर येऊन बसली. आयुष्यभर ती नाकासमोर चालली होती. कुणाच्या बाजूनं आकडा वाकवला असं तिच्याबद्दल कुणी म्हटलं नव्हतं, आणि कुणी म्हणेल ही नुसती कल्पनाही तिला सोसेना. पुढच्या तिमाहीत सगळ्या दुकानांची पार्सलं मोजू, पुराव्यानिशी मांडू, मग कुणाला बोट दाखवायला जागा नको. असं तिनं स्वतःला समजावलं. ते पटलंही. दोन ओळी काढायला बोट एकदा टेकवावं लागलं. जुना कागद मात्र तिनं फाइलमध्ये ठेवला. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. तिला कुठलाच कागद टाकवत नसे.

महिन्याभरात हुकूम निघाला. शेवटच्या दहा दुकानांतले ‘न विकणारे तास’ कमी करावेत. हा शब्द साहेबांचा. गल्ल्यावर आणि काउंटरवर उभा राहणारा तास विकणारा, मागं राबणारा तास न विकणारा. दादाच्या दुकानातून तीन माणसं गेली. गिऱ्हाइकांचे कपडे मापात करून देणारी शिंपीण, सकाळी सातला येणाऱ्या सफाईवाल्या मावशी आणि लंबू. बाराशे तासांचे एक हजार ऐंशी झाले. विक्री होती तेवढीच राहिली आणि भागाकार आठशेचा जवळजवळ आठशे नव्वद झाला. अकरा टक्के सुधारणा. वरचा आकडा वाढवायला गिऱ्हाईक दारात यावं लागतं; खालचा कमी करायला एक सही पुरते. बाईला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. संचालकांच्या बैठकीत तिच्या तक्त्याचं कौतुक झालं, तेव्हा ती मान खाली घालून उभी राहिली.

त्या रविवारी दादाकडं जेवताना लंबूचा विषय निघाला.

“गेला बिचारा,” दादा म्हणाला. “जाताना म्हणतो, दादा, वरच्या फळीवरचं आता तुम्हीच बघा, मी उतरलो जमिनीवर. असला वात्रट.”

“मग तू एकट्यानं कसं करतोस?” बाईनं विचारलं.

“करतो. आडवं लावायचो ते उभं लावतो, बसून करायचो ते उभ्यानं करतो.”

वहिनीनं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं. “ह्यांचा खांदा वर होत नाही रात्री. तुझ्या त्या कचेरीत कुणाला सांगता येत नाही का गं?”

“सांगते,” बाई म्हणाली.

तिनं सांगितलं नाही. सांगायला गेली असती तर आधी तळटिपेचं सांगावं लागलं असतं.

सात आठवड्यांनी, मंगळवारीच, सकाळी साडेसातला गाडीवाला एकशे चाळीस खोकी उतरवून निघून गेला. दहाला दुकान उघडायच्या आत ती सगळी फळ्यांवर चढायला हवी होती, आणि शेजारच्या दुकानाला मोठ्या मापाचे बारा शर्ट तातडीनं हवे होते. ते सगळ्यात वरच्या फळीवर होते. दादानं शिडीच्या चाकांना दोन खोक्यांची अटकण लावली आणि चढला. खोकी सरकली.

तो पडला तेव्हा आठही वाजले नव्हते. शुद्ध गेली नव्हती. त्यानं हाका मारल्या. पूर्वी त्या वेळी मावशी पुढं फरशी पुसत असायच्या. आता पुढं कुणीच नव्हतं. सव्वानऊला काउंटरवरची पोर हँगर न्यायला मागं गेली, तेव्हा तिला तो फळ्यांच्या मध्ये पडलेला दिसला. हाका मारून मारून आवाज बसला होता. “पोरी,” तो म्हणाला, “पायांवर काही पडलंय का बघ गं. जड झालेत.” पायांवर काहीही पडलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी वहिनीला आणि बाईला बाहेर बोलावून सांगितलं, की कमरेखाली आशा धरू नका. वहिनी भिंतीला टेकून बसली. बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनीनं तो काढला नाही. तिला तो कळलाच नाही बहुतेक.

कंपनीनं फुलं पाठवली आणि मागोमाग पत्र पाठवलं. पत्रात लिहिलं होतं, की शिडी धरायला दुसरा माणूस असल्याशिवाय वर चढू नये, असा नियम गोदामाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावलेला आहे. कामगारानं तो मोडला. तेव्हा भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

बाईनं ते पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून तीनदा वाचलं. मग ती कार्यालयात गेली, फाइल काढली आणि जुना कागद बाहेर काढून पिशवीत घातला.

चौकशीला कामगार खात्याचे एक वयस्कर निरीक्षक होते. समोर कंपनीचे वकील आणि साहेब. बाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “मला सांगायचं आहे. तो तक्ता माझा आहे.”

वकील उठले. “या जखमी कामगाराच्या सख्ख्या बहीण आहेत.”

“हो,” बाई म्हणाली. ज्या वाक्याला ती तीन महिने भ्याली होती, ते कुणीतरी भर सभेत बोलून टाकलं, आणि काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही. निरीक्षकांनी तिला खुर्ची दाखवली.

तिनं सगळं मांडलं. माल उतरायच्या दिवशी सात ते दहा, तीन तास. खोकी एकशे चाळीस. दोन माणसं होती तेव्हा माणसामागं तासाला तेवीस खोकी. एक उरल्यावर सेहेचाळीसच्या वर. तिनं तो नियमाचा कागदही मागवून घेतला आणि निरीक्षकांपुढं ठेवला.

“या कागदाप्रमाणं दुसरा माणूस हवा. या दुसऱ्या कागदाप्रमाणं, माणसं कमी करायच्या हुकुमाप्रमाणं, गोदामात दुसरा माणूस नाही. दोन्ही कागद कंपनीचेच. माझ्या भावानं एक पाळायचा तर दुसरा मोडायलाच हवा होता.”

“आणि ही तळटीप?” निरीक्षकांनी जुना तक्ता उचलून विचारलं. “पाठवलेल्या प्रतीत नाही ही.”

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणू शकली असती, की साहेबांनी काढायला लावली. ते अर्धं खरंही होतं.

“मी काढली,” ती म्हणाली. “माझ्या हातानं.”

निकाल दोन महिन्यांनी आला. दोष दोघांचा, कंपनीचा आणि कामगाराचा. भरपाई निम्मी. निरीक्षकांना जे वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं, कागदावर नव्हतं. कंपनीनं वर्षअखेरीच्या अहवालात कामाच्या तासामागची विक्री वाढल्याचं मोठ्या अक्षरांत छापलं. बाईची बदली जुन्या पावत्यांच्या खोलीत झाली. तिथं काही काम नव्हतं. सात महिन्यांनी, त्या खोलीत काही काम नाही या कारणानं, तिची जागाच रद्द झाली. तिला हसू आलं, पण सोबत हसायला कुणी नव्हतं.

दादाला घरी आणलं होतं. पुढच्या खोलीतली खाट उंच करून घेतली, खिडकी त्याच्या बाजूला आली. पहिले काही महिने तो थट्टा करायचा. भेटायला येणाऱ्यांना म्हणायचा, “माझी उत्पादकता बघा, जागेवरून न हलता तीन वेळ जेवतो.” मग थट्टा कमी होत गेली आणि एक दिवस संपली. बाई आता रोज जायची. त्याचं अंग पुसायची, कूस बदलायची, पाठीवरच्या जखमा धुऊन द्यायची. वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलायची. चौकशीत काय घडलं ते तिच्या कानावर आलं होतं. दादाला मात्र तळटिपेचं कुणी सांगितलं नव्हतं.

ते बाईनं सांगितलं. एका दुपारी, वहिनी बाहेर गेली असताना.

“दादा, त्या तक्त्याखाली मी दोन ओळी लिहिल्या होत्या. तुमच्या पार्सलांबद्दल. त्या राहिल्या असत्या तर लंबू कदाचित गेला नसता. मी काढल्या.”

दादा छताकडं बघत होता. “का?”

“लोक म्हणाले असते, भावासाठी लिहिलं.”

खिडकीखालून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली.

“मग म्हणू द्यायचं होतंस,” तो म्हणाला.

बाई रडायला लागली. लहान असताना ती रडली की तो काहीतरी वेडंवाकडं तोंड करायचा आणि ती हसायची. आता त्यानं तोंड भिंतीकडं केलं. थोड्या वेळानं म्हणाला, “कूस बदल माझी. डावा खांदा भरून आलाय.” तिनं डोळे पुसले आणि त्याला वळवलं. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही. तिला वाटायचं, निदान शिव्या तरी द्याव्या. त्यानं त्याही दिल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी पाठीवरच्या जखमा चिघळल्या, ताप अंगात भिनला आणि नऊ दिवसांत तो गेला. लंबू आला होता. तो एका शाळेत पहारेकरी झाला होता. दाराच्या चौकटीत वाकून तो आत आला, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि परत गेला. ज्या दुकानासाठी एवढं सगळं झालं, ते कंपनीनं त्याच वर्षी बंद केलं. तासामागची विक्री सुधारूनही. मोठ्या मापाचे शर्ट वेळेवर मिळेनात म्हणून आजूबाजूच्या अकरा दुकानांचीही गिऱ्हाइकं तुटत गेली, असं बाईच्या कानावर आलं. तिनं त्याचं गणित मांडलं नाही.

सगळं उरकल्यावर, पाहुणे पांगल्यावर, बाई आपली पिशवी घेऊन निघाली. तिला माहीत होतं, की आता या घरी यायला काही निमित्त उरलेलं नाही. चपला घालताना वहिनी दाराशी आली.

“ह्यांनी तुला कधी दोष दिला नाही,” वहिनी म्हणाली. “माझ्याजवळसुद्धा नाही.”

“मला ठाऊक आहे, वहिनी.”

“मी देते. ऐकून घे. मी दोष देते, आणि मरेपर्यंत देईन. तू माझ्या पोटच्या पोरीसारखी होतीस, म्हणून जास्तच देईन.”

बाईनं मान हलवली. आत नळ ठिबकत होता.

“रविवारी लवकर ये,” वहिनी म्हणाली. “ती खाट मला एकटीला हलवत नाही.” आणि दार लावून घेतलं.